शाराकूचा नट: हाताने रंगवलेला आणि ठशावरून छापलेला

जपानी चित्रकार तोशूसाई शाराकूचा ओनिजी नट बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. आक्रसलेल्या भुवया, घट्ट मिटून खाली वळलेले ओठ आणि किमोनोच्या छातीतून बाहेर आलेले, बोटं फाकलेले दोन पंजे. १७९४ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, तिसरा ओतानी ओनिजी हा काबुकी या जपानी नाट्यप्रकारातला नट कावाराझाकी नाट्यगृहात एदोबेई नावाच्या दुष्ट नोकराची भूमिका करत होता, त्याचं हे चित्र. आज त्याच्या नव्या प्रती दोन तऱ्हेच्या मिळतात: कुणी ब्रशने काढून रंगवलेली, आणि लाकडी ठसे नव्याने कोरून छापलेली. दोन्ही हातकामच, दोन्हींवर शाराकूची सही. म्हणून गल्लत होते. त्यात ‘हाताने रंगवलेली’ म्हटलं की ती जास्त अस्सल, असं वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे.

कारण शाराकूचा ओनिजी कधी रंगवलेलं चित्र नव्हताच. चित्रकार पातळ कागदावर नुसत्या काळ्या रेषेत आकृती काढून द्यायचा. कारागीर तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून, रेषा तेवढ्या उठावात ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचा, आणि त्यातच मूळ रेखाटन संपायचं. मग रंगांचे वेगळे ठसे. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला ‘केन्तो’ नावाच्या दोन खुणा कोरलेल्या. छापणारा फळीवर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ पसरायचा, वर दमट कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालीत बांधलेल्या चकतीने, ‘बारेन’ने, पाठीवरून घासायचा. पैसा आणि धाडस प्रकाशक त्सुताया जूझाबुरोचं. टोकियोतली अदाची ही संस्था आजही याच पद्धतीने शाराकू छापते. तिच्या प्रतीत ओनिजी त्याच वाटेने कागदावर उतरतो.

फरक बघायचा तर आधी कपाळाच्या कडेला बघा, जिथून केस सुरू होतात. तिथल्या अगदी बारीक रेषा कोरण्याचं काम सर्वांत मुरलेल्या कारागिराकडे जायचं. ठशावरून आलेली ती रेष सुरुवातीपासून टोकापर्यंत एकसारखी काळी असते. ब्रशने तेच केस काढताना रंग संपत येतो तशी रेष फिकी पडते, आणि ब्रश पुन्हा बुडवला की पुढची एकदम गडद येते. भिंग असेल तर हे चटकन कळतं.

मग कागद उलटा करा. बारेनच्या दाबाने रंग कागदाच्या धाग्यांत शिरलेला असतो, त्यामुळे मागून चित्राची फिकी, सलग छाया दिसते. ब्रशचा रंग बराचसा वरच बसतो. पातळ कागदातून तोही झिरपतो, पण मग मागे डाग असमान पडतात. चेहऱ्याचा पांढरेपणाही तपासा. ठशाच्या चित्रात तो बहुधा कोरा सोडलेला कागदच असतो. रंगवलेल्या प्रतीत पुष्कळदा पांढऱ्या रंगाचा थर दिलेला दिसतो. आणि पार्श्वभूमी: शाराकूच्या पहिल्या २८ चित्रांत ती अभ्रकाच्या पुडीची आहे. चित्र तिरकं धरलं की ती काळसर राखाडी जमीन चमकून उठते आणि सरळ धरलं की विझते. साध्या करड्या रंगाने हे होत नाही.

इथे एक अपवाद माहीत हवा. सर्व रंग ठशांनी छापण्याची पद्धत १७६५ च्या सुमारास चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या काळात रुळली. त्याआधीच्या पिढीत, तोरी कियोनोबूसारख्यांच्या नटचित्रांत, फक्त काळी रेष छापून वर हाताने शेंदरी, पिवळा असे रंग भरत. त्यामुळे कियोनोबूच्या जुन्या चित्रावर ब्रशचे फराटे दिसले तर बिचकायचं कारण नाही. शाराकूच्या चित्रावर दिसले तर मात्र ते नंतरच्या कुणाचं तरी काम आहे. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर दोन्ही शक्यता बाद: ती यंत्रावरची छपाई.

रंगवलेल्या प्रतीला मी कमी लेखत नाही. नक्कल करत शिकणं ही जपानी चित्रकारांची जुनी रीत आहे, आणि चांगल्या हाताची प्रत बघायला सुख देते. पण ओनिजीचे पंजे बघा. चेहऱ्याच्या मानाने ते लहान आहेत, शरीररचनेच्या हिशेबात चुकलेले, आणि त्यांच्यातच त्या चित्राचा सगळा ताण आहे. कोरणाऱ्याला समोरच्या रेषेबाहेर जाता येत नाही. रंगवणाऱ्याचा सरावलेला हात मात्र ते नकळत ‘दुरुस्त’ करून टाकू शकतो. बोटं जरा लांबतात, मनगट नीट बसतं आणि एदोबेईतला हल्लेखोर नाहीसा होतो.

विकत घेणार असाल तर विक्रेत्याकडे पाठीमागचा, कपाळाच्या कडेचा आणि पंजांचा जवळून काढलेला फोटो मागा. नव्या ठशांच्या प्रतीवर बऱ्याचदा समासात छापणाऱ्याचा शिक्का असतो. फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली तो झाकला गेला असेल, तर फ्रेम काढून दाखवायला सांगा.