पाकिस्तानच्या पहिल्या नोटांचा संग्रह

पाकिस्तानच्या पहिल्या नोटा नाशिकला छापल्या गेल्या आणि त्यांतल्या एक रुपया सोडून बाकीच्यांवर सही होती ती रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांची. नोटांचा संग्रह करणाऱ्या मराठी माणसाला या नोटेचं वेगळं अप्रूप वाटतं ते यामुळेच.

फाळणीच्या वेळी नव्या देशाकडे ना स्वतःची मध्यवर्ती बँक होती, ना नोटांचा छापखाना. म्हणून काही काळ भारतीय रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचं चलन सांभाळायचं ठरलं. देशमुख तेव्हा गव्हर्नर होते. त्या पदावरचे पहिले भारतीय. एप्रिल १९४८ पासून सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या १, २, ५, १० आणि १०० रुपयांच्या नोटा पाकिस्तानसाठी वेगळ्या काढण्यात आल्या. वॉटरमार्कच्या कोऱ्या जागेत वर इंग्रजीत ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’, एवढाच बदल. मागची बाजू जशीच्या तशी राहिली. एक रुपयाची नोट सरकारची असल्याने तिच्यावर अर्थसचिव सी. ई. जोन्स यांची सही आहे.

संग्राहक या नोटांना ‘ठशाच्या नोटा’ म्हणतात, पण या शब्दाने नवखा माणूस फसतो. ही अक्षरं छापून झालेल्या नोटेवर शिक्क्याने उमटवलेली नाहीत. ती छपाईच्या प्लेटवरच कोरलेली होती. त्यामुळे साध्या भारतीय नोटेवर रबरी शिक्का मारून बनवलेली नोट भिंगाखाली ओळखता येते. शिक्क्याची शाई कडेला पसरते, अक्षरांची जाडी कमीजास्त होते. विकत घेण्याआधी हे पाहिलंच पाहिजे. त्या काळी गड्ड्या टाचून ठेवत, म्हणून टाचणीची भोकं दिसली तर बिचकू नये. धुऊन-इस्त्री करून ‘कोरी’ केलेल्या नोटेपेक्षा घड्या पडलेली, न छेडलेली नोट केव्हाही बरी. लॅमिनेशन तर कधीच करू नये.

१ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या थॉमस डे ला रू कंपनीने छापलेल्या ५, १० आणि १०० रुपयांच्या नव्या नोटा आल्या, आणि त्यांवर राजा नव्हता. ठशाची नोट मात्र अल्बममध्ये एकटी ठेवू नये. त्याच किमतीची, त्याच सहीची साधी भारतीय नोट शेजारच्या कप्प्यात लावली, की दोन्हींतला फरक त्या दोन ओळींपुरताच आहे हे लगेच दिसतं.