झेब्रा फिंचच्या शुक्राणूंत एवढा फरक का टिकला?

पक्ष्यांच्या शुक्राणूंची नेमकी चित्रे स्वीडनच्या गुस्ताफ रेट्झियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काढून ठेवली होती. गाणाऱ्या पक्ष्यांच्या शुक्राणूचे डोके मळसूत्रासारखे पिळलेले असते आणि एकच लांबलचक सूत्रकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) शेपटीला वेढे घालत जाते. कोंबड्यात असा पीळ नसतो. पण बहुतेक पक्षी जोडीदाराशी एकनिष्ठ असतात असेच धरून चालल्यामुळे या रचनेमागची उत्क्रांती शोधायला फारसे कोणी गेले नाही.

१९७० मध्ये जेफ पार्कर यांनी कीटकांच्या अभ्यासातून शुक्राणुस्पर्धेची, म्हणजे एकाच मादीची अंडी फलित करण्यासाठी वेगवेगळ्या नरांच्या शुक्राणूंत लागणाऱ्या चुरशीची, कल्पना मांडली. १९८७ मध्ये डीएनए ठशांचे तंत्र चिमण्यांवर वापरले गेले आणि पुढे अनेक जातींत एकाच घरट्यातल्या पिल्लांचे बाप वेगळे निघाले. मादी अंडवाहिनीतल्या बारीक नलिकांत शुक्राणू साठवते, त्यामुळे ही चुरस समागमानंतरही कित्येक दिवस चालते.

जिथे चुरस तीव्र, तिथे नरानरांतला लांबीचा फरक कमी असतो. तो मोजताना नमुना फॉर्मालिनमध्ये टिकवून प्रत्येक नराचे साधारण १० शुक्राणू घेतात. डोके, मधला भाग आणि शेपूट वेगवेगळे मोजतात, तुटलेले शुक्राणू सोडून देतात. नर थोडे असले तर फरक खरा असतो त्याहून कमी दिसतो, म्हणून आकडा (१ + १/४न) ने गुणतात. 'न' म्हणजे नरांची संख्या. ८ नरांसाठी ही वाढ सुमारे ३ टक्के. युरोपातल्या बुलफिंचमध्ये चुरस जवळपास नाही, आणि तिथे शुक्राणूचे डोके चक्क गोलसर आहे!

झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यामध्येही रानात चुरस कमीच. तिथे एका नराचे शुक्राणू एकसारखे, पण नरानरांत लांबी साधारण ४० ते ८० मायक्रोमीटर. हा गुण बराचसा आनुवंशिक असल्याचे टिम बर्कहेड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले. मग खरा पेच उभा राहिला: सरस शुक्राणूंची जनुके सगळीकडे का पसरली नाहीत?

उत्तर २०१७ मध्ये झेड गुणसूत्रावर, म्हणजे पक्ष्यांच्या एका लिंग-गुणसूत्रावर, सापडले. त्याचा मोठा तुकडा काही पक्ष्यांत उलटा बसलेला आहे, त्यामुळे सरळ आणि उलट्या प्रतींमधली जनुके सहसा मिसळत नाहीत. नराकडे दोन झेड असतात. एक सरळ आणि एक उलटे असलेल्या नराच्या शुक्राणूंचा मधला भाग लांब, वेग जास्त आणि पिल्लेही अधिक. मादीकडे झेड एकच, म्हणून तिच्यात अशी मिश्र जोडी होतच नाही. अशा मिश्र नराची मादी कोणत्याही प्रकारची असो, त्याच्या मुलग्यांपैकी सरासरी निम्म्यांनाच मिश्र जोडी मिळते. उरलेल्यांच्या वाट्याला दोन सारखी झेड येतात, आणि त्यांच्याबरोबर कमी वेगाचे शुक्राणूही.