चित्र काढण्याआधी कागदाचं माप ठरवा

वारली चित्र असो, इंटरमिजिएटच्या तयारीतलं स्थिरचित्र असो किंवा दिवाळी अंकासाठी काढलेलं रेखाटन, हल्ली त्याला संगणकात जावंच लागतं. तिथे ते कसं उतरेल, हे बरंचसं कागद निवडतानाच ठरून जातं.

चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात साधारण दोन मापांचे कागद मिळतात. एक इम्पिरियल: फुल शीट २२ × ३० इंच, हाफ १५ × २२, पाव ११ × १५. दुसरी आपल्या ओळखीची ए-मालिका. इम्पिरियल कागद अर्धा केला की त्याची ठेवण बदलते. फुल शीटमध्ये लांबी रुंदीच्या १.३६ पट असते, हाफमध्ये १.४७ पट, आणि पाव शीट पुन्हा १.३६ वर येतं. ए-मालिकेत असं होत नाही. ए३ मधोमध कापून ए४ करा किंवा ए४ कापून ए५, गुणोत्तर १.४१४च राहतं. ही संख्या म्हणजे २ चं वर्गमूळ, आणि अर्धं केल्यावरही न बदलणारं दुसरं गुणोत्तरच नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात हा गुण वर्णिला होता. १९२२ मध्ये जर्मनीने त्यावरून कागदाची मानक मापं ठरवली. ए० चं क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरलं आहे, म्हणून ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या, ए४ कागदाचं वजन ५ ग्रॅम भरतं. मला हा हिशेब फार देखणा वाटतो.

त्याचा फायदा छपाईत दिसतो. ए३ वरचं चित्र ए४ वर किंवा ए२ वर छापलं तर काहीच कापावं लागत नाही. पाव इम्पिरियल मात्र १२ × १८ इंचांच्या फ्रेममध्ये पूर्ण भरायचं, तर ११ इंच रुंदीतला एक इंच जातो. कडेला केलेली सही नेमकी त्यात सापडते. शिवाय घरगुती स्कॅनरची काच बहुधा ए४ एवढीच असते. त्यावर पाव शीट मावत नाही, ते दोन भागांत स्कॅन करून जोडावं लागतं. म्हणून पुढे छापायचं चित्र ए-मालिकेतल्या कागदावरच, शक्यतो ए४ वर काढावं, असं मी आग्रहाने सांगेन.

आता डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ३०० हा आकडा सगळे सांगतात. तो आपल्या डोळ्यातून आला आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. ३० सेंटिमीटर अंतरावर तो ०.०८७ मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचाला सुमारे २९० ठिपके. तीन मीटरवरून पाहायच्या पोस्टरला याच हिशेबाने ३० सुद्धा पुरतात.

स्कॅन करताना मात्र ६०० ठेवावं. ०.१ मिलिमीटरच्या पेनाची रेघ ३०० डीपीआयला जेमतेम एका पिक्सेलएवढी भरते आणि तिरकी असली की दातेरी दिसते. ६०० ला तिच्या वाट्याला दोनाहून अधिक पिक्सेल येतात. शिवाय असा ए४ स्कॅन ३०० ठिपक्यांनी थेट ए२ वर छापता येतो. फाइल मोठी होते, कॉम्प्रेस न करता सुमारे १०४ एमबी. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात, तशीच ठेवावी आणि पाठवायला वेगळी जेपेग करावी. स्कॅनरमधली आपोआप सुधारणा बंद ठेवावी. ती कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात जलरंगाचे फिकट वॉश, म्हणजे पातळ थर, पुसून टाकते.

जलरंगाने कागद फुगला असेल तर स्कॅनरही कमी पडतो. पातळ, स्वस्त स्कॅनरमध्ये काचेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचललेला भाग लगेच धूसर होतो. मग कॅमेरा घ्यावा. चित्र भिंतीला सपाट लावून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा प्रकाश द्यावा, म्हणजे चकाकी लेन्सकडे न येता बाजूला जाते. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यासमोर हवा, नाहीतर चौकोनाचा समलंब होतो.

वारलीची अडचण वेगळीच. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं धरून चालतो. गडद गेरूची जमीन पाहून तो चित्र उजळ करतो. गेरू फिका पडतो आणि तांदळाच्या पिठाच्या बारीक रेघा फुलून एकमेकींत मिसळतात. इथे एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा आत घेतो तो प्रकाश, मुद्दाम कमी करावं आणि रेघांची पांढरी पातळी पाहूनच ते ठरवावं.