विजयन, आय. एम.

(२५ एप्रिल १९६९– ). भारताचे निवृत्त फुटबॉलपटू आणि १९९०च्या दशकातले देशातले सर्वांत आवडते आघाडीवीर. पूर्ण नाव इनिवलप्पिल मणी विजयन. जन्म केरळमधील त्रिशूर येथे. घरची गरिबी, त्यात वडील लवकर गेले. लहानपणी ते त्रिशूरच्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये सोड्याच्या बाटल्या विकत. बाटलीमागे दहा पैसे सुटत आणि सामनाही पाहायला मिळे.

सतराव्या वर्षी केरळ पोलीस संघात त्यांची निवड झाली. व्ही. पी. सत्यन, सी. व्ही. पाप्पच्चन, यू. शरफ अली अशी माणसे असलेल्या या संघाने १९९० मध्ये गोव्याच्या साळगावकर संघाला हरवून फेडरेशन चषक जिंकला. अंतिम सामना झाला तो त्रिशूरलाच, जिथे काही वर्षांपूर्वी हा मुलगा प्रेक्षकांतून सोडा विकत फिरत होता. पुढच्या वर्षी कन्नूरला मुंबईच्या महिंद्र संघाला नमवून त्यांनी चषक राखला.

तेथून मोहन बागानने त्यांना कोलकात्याला नेले. तिथल्या चाहत्यांनी नाव ठेवले ‘कालो हरिण’, म्हणजे काळवीट. चेंडू छातीवर घ्यायचा आणि जमिनीला टेकण्याआधीच फटकवायचा, ही त्यांची खासियत. बचावपटूला नुसत्या अंगाच्या हुलकावणीने चकवणारा असा दुसरा खेळाडू त्या काळी भारतात नव्हता. पंजाबच्या जेसीटी संघाकडून त्यांनी १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, तर एफसी कोचीनकडून १९९७चा ड्युरँड चषक. कारकिर्दीच्या शेवटी ते गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडूनही खेळले.

१९९९ मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भूतानविरुद्ध त्यांनी अवघ्या १२व्या सेकंदाला गोल केला. प्रेक्षक जागेवर नीट बसलेही नसतील! भायचुंग भुतियाबरोबरची त्यांची जोडी अनेक वर्षे भारतीय आक्रमणाचा कणा होती. २००३ मध्ये हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत चार गोल करून ते अव्वल ठरले. अंतिम सामन्यात उझबेकिस्तानकडून भारत ०-१ असा हरला आणि चौतिशीतल्या विजयन यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलला निरोप दिला. फॉर्मात असताना थांबणे सोपे नसते.

१९९३, १९९७ आणि १९९९ असे तीनदा ते देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरले. २००३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पद्मश्री मात्र २०२५ साली, फार उशिरा. दिग्दर्शक जयराज यांच्या ‘शांतम’ या मल्याळम चित्रपटातही त्यांनी प्रमुख भूमिका केली. ज्या केरळ पोलीस दलाने त्यांना घडवले, तिथूनच ते २०२५ मध्ये अधिकारी म्हणून सेवानिवृत्त झाले.