जेतेपद गेलं, गर्दी राहिली: मँचेस्टर युनायटेडच्या लोकप्रियतेमागचा इतिहास

२०२४-२५च्या हंगामात मँचेस्टर युनायटेड इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमिअर लीगमध्ये पंधराव्या क्रमांकावर राहिली. ३८ सामन्यांत ४२ गुण. १९७४ मध्ये संघ खालच्या विभागात ढकलला गेला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी. प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी २०१३ मध्ये क्लबला विसावं लीग जेतेपद मिळवून दिलं आणि निवृत्ती घेतली. पुढच्या बारा हंगामांत एकविसावं काही आलं नाही. तरीही या पंधराव्या क्रमांकाच्या हंगामात ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर दर सामन्याला सरासरी ७३ हजारांहून जास्त लोक हजर होते.

संघ हरायला लागला की माणसं पांगतात, हा सर्वसाधारण समज. तो अगदीच खोटा नाही. पण युनायटेडच्या बाबतीत तो लागू का पडत नाही, हे समजायला फर्ग्युसन यांच्याही खूप मागे जावं लागतं.

६ फेब्रुवारी १९५८. बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी करून युरोपियन कपची उपांत्य फेरी गाठलेला संघ परतीच्या वाटेवर होता. इंधनासाठी म्युनिकला उतरलेलं विमान पुन्हा उडताना कोसळलं. २३ जणांचा मृत्यू झाला, त्यात ८ खेळाडू. डंकन एडवर्ड्स हा त्यातला सर्वांत गुणी म्हणून गणला जाणारा खेळाडू पंधरा दिवस मृत्यूशी झुंजला. वय २१. अपघातानंतर १३ दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध एफए कपचा सामना झाला. त्या दिवशीच्या माहितीपत्रकात युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागी अकरा रिकाम्या ओळी छापल्या होत्या, कारण छपाईच्या वेळी कोण खेळणार हेच ठरलेलं नव्हतं. मैदानात साठ हजारांच्या आसपास लोक होते. युनायटेड ३-० ने जिंकली.

तोवर हा उत्तर इंग्लंडमधला एक चांगला संघ होता. म्युनिकनंतर तो सगळ्या देशाचा झाला. प्रशिक्षक मॅट बझ्बी त्या अपघातातून वाचले, त्यांनी संघ नव्याने बांधला, आणि १९६८ मध्ये वेम्बलीवर बेनफिकाला ४-१ ने हरवून युरोपियन कप आणला. बॉबी चार्ल्टन, जॉर्ज बेस्ट, डेनिस लॉ ही त्या काळची त्रिमूर्ती. माझ्या मते युनायटेडच्या लोकप्रियतेचा पाया इथे घातला गेला, आणि त्यात करंडकांपेक्षा त्या कहाणीचा वाटा मोठा आहे. करंडक पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या कपाटात जातो. कहाणी मात्र बाप पोराला सांगत राहतो.

१९६९ मध्ये बझ्बी पायउतार झाले आणि घसरण सुरू झाली. विल्फ मॅकगिनेस आले, गेले. फ्रँक ओ'फॅरेल आले, गेले. चार्ल्टन यांनी १९७३ मध्ये क्लब सोडला, बेस्ट दारू आणि गैरहजेरीच्या चक्रात सापडून १९७४ च्या सुरुवातीला बाहेर पडला. लॉला तर क्लबने १९७३ मध्ये एक पैसाही न घेता सोडून दिलं. तो शेजारच्या मँचेस्टर सिटीत गेला.

पुढचा प्रसंग कुणी पटकथेत लिहिला असता तर अति झालं म्हणून कापावा लागला असता. २७ एप्रिल १९७४, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर सिटी. खालच्या विभागात जाणं टाळायला युनायटेडला जिंकणं भागच होतं. ८१ व्या मिनिटाला गोलाकडे पाठ करून उभ्या असलेल्या लॉने टाचेने चेंडू मागे सारला आणि तो थेट जाळ्यात गेला. लॉने हात वर केले नाहीत. सहकारी पाठ थोपटत होते आणि तो मान खाली घालून चालत होता. लगेच त्याला बदललं गेलं. प्रेक्षक मैदानात घुसले, सामना थांबवावा लागला, निकाल मात्र कायम राहिला. खरं तर त्याच दिवशी तळाच्या शर्यतीतला बर्मिंगहॅम संघ जिंकल्यामुळे लॉचा गोल झाला नसता तरी युनायटेड खाली जाणारच होती. पण लोकांच्या आठवणीत ती टाचच राहिली.

आता इथे लोकप्रियता संपायला हवी होती. सहा वर्षांपूर्वीचा युरोपविजेता संघ दुसऱ्या विभागात. पण १९७४-७५ च्या त्या हंगामात ओल्ड ट्रॅफर्डवरची सरासरी गर्दी ४८ हजारांवर होती. पहिल्या विभागातल्या कुठल्याही संघापेक्षा जास्त. म्हणजे देशात सर्वाधिक प्रेक्षक खेचणारा संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळतच नव्हता. प्रशिक्षक टॉमी डॉकर्टी यांनी तरुण पोरांचा, हल्ला चढवणारा संघ उभा केला, आणि दुसऱ्या विभागाच्या छोट्या गावांमध्ये युनायटेडचे हजारो समर्थक जाऊ लागले. त्यात मारामाऱ्या, तोडफोड, दहशत भरपूर होती. त्या काळाचे गोडवे गाताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

१९६७ ते १९९३ अशी तब्बल २६ वर्षं युनायटेडला लीग जिंकता आली नाही. याच काळात लिव्हरपूलने ११ वेळा लीग आणि चार वेळा युरोपियन कप जिंकला. तरी ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक हंगामांत ओल्ड ट्रॅफर्डवरची गर्दी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानापेक्षा जास्तच राहिली. याला फुटबॉलबाहेरचंही कारण आहे. लिव्हरपूल शहराचं बंदर आणि कारखाने त्या दशकात बसले, बेकारी वाढली आणि तिकिटाचे पैसे खिशात उरेनात. संघ जिंकत होता आणि स्टँड रिकामे पडत होते. मैदानातल्या गर्दीवरून लोकप्रियता मोजताना शहराची मिळकतही पाहावी लागते, ती अशी.

भारतातल्या चाहत्यांचा धागा इथून सुरू होतो, आणि त्यात नशिबाचा भाग फार मोठा आहे. लिव्हरपूलने १९९० मध्ये लीग जिंकली, ती पुढची तीस वर्षं शेवटची ठरली. ऑगस्ट १९९२ मध्ये प्रीमिअर लीग सुरू झाली, उपग्रह वाहिन्यांचा पैसा आला आणि सामने जगभर दिसू लागले. आपल्याकडेही केबल नेमकी याच सुमारास घरोघरी पोचत होती. या नव्या लीगच्या पहिल्या ११ हंगामांपैकी ८ युनायटेडने जिंकले. इंग्लंडमधला शनिवार दुपारचा सामना आपल्याकडे ऐन संध्याकाळी किंवा जेवणाच्या वेळी लागतो, शाळा-कॉलेजच्या पोरांना बघायला अगदी सोयीचा. ठाणे असो की नागपूर, ज्याने १९९६ किंवा १९९९ मध्ये टीव्ही लावला त्याला बहुतेकदा लाल जर्सी जिंकताना दिसली. लिव्हरपूलची जेतेपदं दोन वर्षांनी उशिरा संपली असती तर महाराष्ट्रातल्या एका पिढीचा संघ वेगळा असता, असं म्हणायला जागा आहे.

२६ मे १९९९ ची बार्सिलोनातली रात्र यात निर्णायक ठरली. बायर्न म्युनिक १-० ने पुढे, नव्वद मिनिटं संपलेली, आणि भरपाईच्या वेळेत आधी शेरिंगहॅमचा गोल, मग सोल्स्कयारचा. लीग, एफए कप, चॅम्पियन्स लीग, तिन्ही एका हंगामात. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

यातून जे तयार झालं त्याचं बाजारमूल्य क्लबने पुरेपूर ओळखलं. २००९ मध्ये एअरटेलने युनायटेडशी करार केला. मुंबईत लोअर परळला क्लबच्या नावाचा कॅफे-बार उघडला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरताना क्लबने जगभरात ६५ कोटींहून जास्त अनुयायी असल्याचा आकडा पुढे केला. हा आकडा क्लबनेच करून घेतलेल्या पाहणीतला होता, त्यामुळे तो जरा जपूनच घ्यावा. २०१९ पर्यंत त्याचे ११० कोटी झाले. मधल्या काळात युनायटेडने लीग जिंकली होती ती फक्त एकदा, २०१३ मध्ये!

फर्ग्युसन यांचा शेवटचा सामना १९ मे २०१३ ला वेस्ट ब्रॉमविरुद्ध झाला आणि तो ५-५ असा सुटला. त्यांचा हा १५०० वा सामना. पुढच्या हंगामात डेव्हिड मॉयेस आले. करार सहा वर्षांचा, पण दहा महिन्यांत गच्छंती. संघ सातवा आला. आणि त्याच उन्हाळ्यात, जुलै २०१४ मध्ये, आदिदासने दहा वर्षांसाठी किमान ७५ कोटी पौंडांचा करार जाहीर केला. सलग दोन हंगाम चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळाली नाही तर रक्कम कापली जाईल, असं एक कलम त्यात होतं. हे कलम फार बोलकं आहे. कंपनीला युनायटेडने जिंकलंच पाहिजे अशी अपेक्षा नव्हती, ती मोठ्या मंचावर दिसत राहिली म्हणजे झालं. २०२३ मध्ये हाच करार आणखी दहा वर्षांसाठी, किमान ९० कोटी पौंडांना वाढवला गेला.

मग प्रशिक्षक म्हणून फान खाल, मोरिन्यो, सोल्स्कयार, टेन हाग, अमोरिम. या मधल्या काळात दोन एफए कप, दोन लीग कप आणि एक युरोपा लीग आली. हे हाताला लागलेलं काही थोडं नाही, कित्येक क्लबांना शतकभरात एवढं मिळत नाही. पण वीस लीग जेतेपदांची सवय लागलेल्या माणसाला त्यात जीव रमवता येत नाही.

या दशकात खरा बदल झाला तो लोकप्रियतेच्या जातीत. पूर्वी युनायटेडचा सामना लोक धाक म्हणून बघायचे, आता करमणूक म्हणून बघतात. आर्सेनलवाले, लिव्हरपूलवाले, चेल्सीवाले रविवारी रात्री युनायटेड हरताना बघायला आवर्जून बसतात आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर मीम्सचा पाऊस पडतो. टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने यात तोटा काहीच नाही. शिव्या घालणारा माणूसही जाहिराती बघतोच.

मैदानातली गर्दी टिकण्यामागे एक रुक्ष कारणही आहे. ओल्ड ट्रॅफर्डचं सीझन तिकीट एकदा सोडलं की प्रतीक्षायादीच्या शेपटाला उभं राहावं लागतं. म्हणून संघ कितीही वाईट खेळला तरी घरातलं तिकीट कुणी सोडत नाही, फार तर भाच्याला पाठवतात. नाराजी वेगळ्या वाटेने बाहेर पडते. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच बोडक्यावर टाकलं, तेव्हा काही समर्थकांनी वेगळं होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लबच काढला. २०१० मध्ये हजारो जण हिरवे-पिवळे मफलर घालून आले. क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथ नावाने सुरू झाला तेव्हाचे ते रंग. लक्षात घ्या, हे दोन्ही निषेध संघ जिंकत असतानाचे आहेत.

सगळीकडे असंच घडतं असं मात्र नाही. एसी मिलानने २००७ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०११ मध्ये इटलीची लीग जिंकली, मग संघ आठवा, दहावा येऊ लागला. २०१४-१५ मध्ये सुमारे ८० हजारांच्या सान सिरोवर सरासरी ४० हजारसुद्धा भरत नव्हते. संघ सावरला, २०२२ मध्ये लीगही जिंकला, तशी तीच मंडळी परतली. मिलानच्या चाहत्याचं प्रेम कमी होतं असं म्हणवत नाही, पण तो रागावला की घरी बसतो.

उलट बाजूला मँचेस्टर सिटी. युनायटेडने तीन करंडक जिंकले त्याच १९९८-९९ च्या हंगामात सिटी तिसऱ्या स्तरावर खेळत होती, आणि तिथेही त्यांची सरासरी २८ हजारांवर होती. २००८ मध्ये अबू धाबीचा पैसा आला, २०१२ पासून आठ लीग जेतेपदं आली, २०२३ मध्ये तीन करंडकही झाले. तरी हरणाऱ्या युनायटेडभोवती जितकी चर्चा होते तितकी जिंकणाऱ्या सिटीभोवती होत नाही. सिटीच्या जुन्या माणसाला याचं दुःख असेल असं वाटत नाही.

नुसतं जिंकून माणसं जमत नाहीत याचा दाखला गोव्यातही आहे. डेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय जेतेपदं मिळवली, पण त्यांच्या लीग सामन्यांना फातोर्ड्याचं स्टेडियम क्वचितच भरायचं. २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. कोल्हापुरात याच्या बरोबर उलट. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ देशपातळीवर कुणाला माहीत नाहीत, पण शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसते. तिथे संघ निवडायचा नसतो, ज्या पेठेत जन्मलात तो तुमचा. दहा वर्षं हरला तरी पेठ बदलत नाही.

साता समुद्रापलीकडच्या चाहत्याला असली पेठ नसते. त्याने संघ टीव्हीवर निवडलेला असतो, बहुधा आठ-दहा वर्षांचा असताना, आणि त्या वयात जिंकणाराच डोळ्यात भरतो. त्यामुळे युग संपल्याचा परिणाम आजच्या चाहत्यांवर फारसा होत नाही, तो पुढच्या पिढीत दिसतो. लिव्हरपूलला १९९० नंतर २०२० पर्यंत लीग मिळाली नाही. तरी इथे त्यांचे चाहते झाले, कारण २००५ मध्ये इस्तंबूलला मिलानविरुद्ध ०-३ वरून केलेलं पुनरागमन एका पिढीने रात्री जागून पाहिलं. युनायटेडच्या हाती २०१३ नंतर अशी रात्र लागलेली नाही. २०२५ मध्ये बिल्बाओला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात संधी होती, ती टॉटनमने १-० ने जिंकून हिरावून घेतली.

शिवाय आजची पोरं क्लबपेक्षा खेळाडूमागे जातात. मेस्सी २०२३ मध्ये इंटर मायामीत गेला तेव्हा त्या क्लबचे इन्स्टाग्रामवरचे दहा लाखांच्या घरातले अनुयायी काही आठवड्यांत एक कोटीच्या वर गेले. पुण्या-मुंबईच्या टर्फवर आज पाठीवर हालांड नाव असलेली सिटीची आकाशी जर्सी सर्रास दिसते. लाल जर्सीही दिसते, पण ती घालणाऱ्याचं वय बघा, तिशी-पस्तिशीच्या पुढचं. गुडघ्याला पट्टा बांधलेला.

क्लबचे मालक मात्र वेगळा हिशेब मांडतात. ओल्ड ट्रॅफर्डचं छत गळतं, मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात तर छतावरून धबधबा कोसळल्याचे व्हिडिओ जगभर फिरले. मार्च २०२५ मध्ये, संघ तळाच्या अर्ध्यात असताना, शेजारीच एक लाख आसनांचं नवं स्टेडियम बांधायची घोषणा झाली. खर्चाचा अंदाज दोन अब्ज पौंड.