प्रोसेसर बॉटलनेक (गेमिंग)

जुना प्रोसेसर नवीन ग्राफिक्स कार्डाला पुरा पडत नाही आणि कार्ड अर्धवट रिकामं बसून राहतं, त्याला बॉटलनेक म्हणतात. इंदूरात सिल्व्हर मॉलला कार्ड घ्यायला गेलं की दुकानदार आधी हेच विचारतो, "भिया, प्रोसेसर कौन सा है?", आणि चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह (इंटेलचा जुना प्रोसेसर) म्हटलं की तोंड वाकडं करतो.

प्रत्येक फ्रेमला आधी प्रोसेसर गेमचं लॉजिक, फिजिक्स वगैरे उरकतो, काय काय काढायचं त्याचे हुकूम म्हणजे ड्रॉ कॉल देतो, मग कार्ड चित्र काढतं. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ७, तिथे जुन्याचा दम निघतो. रिझोल्यूशन वाढवलं तर भार मुख्यतः कार्डावर पडतो, म्हणून १०८०पी ला अडवणारा प्रोसेसर फोर-के ला बऱ्याचदा जाणवतही नाही. गेम कुठला ते न विचारता "इतके टक्के बॉटलनेक" सांगणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर त्यामुळे बिनकामाचेच म्हणायचे.

ड्रॉ कॉलचा खर्च कमी कोणी केला यावर मात्र वाद आहे. डायरेक्टएक्स ११ (गेम आणि कार्डामधला विंडोजचा दुवा) मध्ये कार्डाच्या ड्रायव्हरचं बरंचसं ओझं एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, यायचं. ते हलकं करायला कार्ड बनवणाऱ्या एएमडीने २०१३ च्या सुमारास मँटल हा नवा दुवा आणला, मग २०१५ ला विंडोज १० सोबत डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ ला वल्कन. वल्कनचा पाया मँटल हे सगळे मानतात, डायरेक्टएक्स १२ बद्दल दोन मतं आहेत, काहींच्या मते तेही मँटल बघूनच सुचलं, काही म्हणतात मायक्रोसॉफ्टचं काम आधीपासून चालू होतं आणि कन्सोलवर अशी पद्धत होतीच. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे.

ओळखायचं कसं, तर टास्क मॅनेजरमध्ये एकूण वापर ४० टक्के दिसला म्हणून खूश होऊ नये, ग्राफवर राइट क्लिक करून एकेक कोर वेगळा बघावा, बऱ्याचदा एक-दोन जवळपास भरलेले आणि बाकीचे निवांत असतात, कारण गेमचा मुख्य थ्रेड वाटून देता येत नाही (जो भाग वाटता येत नाही तोच वेगाला अडवतो, हा अॅमडालचा १९६७ चा नियम). सेटिंग खाली आणूनही एफपीएस हलले नाहीत तर दोष बहुधा प्रोसेसरचाच. मे महिन्यात इथे पारा चाळीसच्या वर गेला आणि कूलरखालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असली तर चांगला प्रोसेसरही स्पीड उतरवतो, ते वेगळं.

सगळं खापर प्रोसेसरवर फोडू नये. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड (२०२२) पीसीआयईच्या (बोर्ड आणि कार्डामधला रस्ता) चारच लेनवर चालतं, जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर त्याला जवळपास ४ जीबी प्रति सेकंदच मिळतात, ४.० वर दुप्पट, आणि कार्डाची मेमरी ४ जीबीच असल्याने ती भरली की गेम अडखळतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो बऱ्याच जुन्या बोर्डांवर नसतो. रॅमची एकच स्टिक असेल तर त्यानेही गेम मंदावतो, म्हणून कार्ड परत करण्याआधी तशीच दुसरी लावून बघावी, आणि एफपीएस ६० वर लॉक केले तर झटके पुष्कळ कमी होतात.