जंगलातील वटवाघळे मोजताना

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात वटवाघळांचे सर्वेक्षण करायचे, तर वन विभागाची परवानगी लागते, रेबीजची लस आधीच घेतलेली असावी लागते आणि शक्यतो अंधारी रात्र निवडावी लागते, कारण काही जाती लख्ख चांदण्यात उघड्यावर येणे टाळतात. ओढ्यावर किंवा पायवाटेवर, जेथे झाडीमुळे उडण्याची वाट अरुंद होते, तेथे दिवस मावळताना बारीक धाग्यांची जाळी बांधतात. ती सतत तपासावी लागते. अडकलेला प्राणी फार वेळ राहिला, तर धागे कुरतडतो आणि स्वतःलाही इजा करून घेतो.

हाती आलेल्या वटवाघळाची कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजतात, कापडी पिशवीत घालून वजन घेतात आणि मग पंख हलकेच पसरून त्यामागे विजेरी धरतात. बोटांच्या सांध्यांतून उजेड आरपार आला, तर तेथे अजून कूर्चा आहे, म्हणजे पिल्लू अलीकडचे; सांधा गाठीसारखा घट्ट दिसला, तर प्राणी प्रौढ.

जाळीत न येणाऱ्यांसाठी डिटेक्टर असतो. माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधण्यासाठी वटवाघळे काढतात ते त्यापलीकडचे आवाज हे यंत्र आपल्याला ऐकू येतील असे करून देते. संथ टकटक वेगाने वाढत शेवटी सलग घरघर झाली, की कीटक टप्प्यात आला असे समजावे. नाकाभोवती घोड्याच्या नालेसारखी घडी असणाऱ्या अश्वनाल वटवाघळांचा स्वर तर इतका स्थिर असतो, की दक्षिण भारतात एकच समजल्या गेलेल्या जातीत सुमारे 80 आणि 90 किलोहर्ट्झ असे दोन स्वर आढळले, जनुकीय तपासणीने त्या दोन जाती ठरल्या आणि दुसरीला स्वतंत्र नाव मिळाले.

मात्र यंत्रावर फार विसंबू नये. इतके उच्च स्वर दमट हवेत काही मीटरांतच विरतात. पाचोळ्यातील खसफस ऐकून भक्ष्य टिपणाऱ्या मेगाडर्मा वटवाघळांचा आवाज मुळातच क्षीण असतो, तर बहुतेक फळभक्षी जाती प्रतिध्वनीचा आधार घेतच नाहीत. उलट, झाडांच्या शेंड्यांवरून उडणाऱ्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळांचा दमदार आवाज लांबून टिपला जातो, पण ती जाळीत क्वचितच येतात. शिवाय डिटेक्टर मोजतो त्या फेऱ्या, प्राणी नव्हेत. ओढ्यावर घिरट्या घालणारे एकच वटवाघूळ तासाभरात नोंदींची रांग लावू शकते. म्हणून दोन जंगलांची तुलना करताना तेच यंत्र, तेच तास आणि तोच हंगाम धरावा लागतो.